स्टेपनी मोठी घ्यायची का, आणि घेतली तर टांगायची कुठे?

रानवाट (धागाकर्ता) | १४ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार. आधी कबुली देतो, मग प्रश्न विचारतो.

गाडी तीन दारांची, चार बाय चार, स्टेपनी मागच्या दाराला लटकलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादापासून 'तुमची भारी की आमची' सुरू होईल. मूळ टायर २५५/६५ आर १८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बगलेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). मार्चमध्ये दोन इंच लिफ्ट केली, म्हणजे उंच करून घेतली, आणि २८५/७० आर १७ मड टेरेन (चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर) चढवले. चारच घेतले. पाचवा जिवावर आला, शिवाय घरी सांगितलेल्या आकड्यात चारच बसत होते. स्टेपनी जुनीच राहिली.

परवा रविवारी जुन्नरहून नाणेघाटाकडे गेलो होतो. घाटघरच्या अलीकडे एका शेतरस्त्याला लागलो. वरून पाऊस, खाली चिखल, आणि चिखलात दडलेला काळा कातळ. पुढच्या डाव्या टायरच्या बगलेत चार बोटं चीर गेली. पंक्चरचा किट होता, पण साइडवॉल फाटल्यावर त्या दोऱ्यांचा काय उपयोग? जुनी छोटी स्टेपनी पुढे लावली, फोर हाय (चारही चाकांना जोर) टाकला आणि बाहेर आलो. इथवर ठीक होतं.

पुढचा गाढवपणा माझा. डांबरी लागली तरी फोर हाय काढायचा विसरलो. दहा-बारा किलोमीटर तसाच आलो. वळणावर स्टिअरिंग जड, गाडी अडखळत चाललेली, कुठूनतरी टणटण आवाज. शेवटी लिव्हर ओढला तर निघेना. रिव्हर्स टाकून चार हात मागे गेलो तेव्हा सुटला.

तर प्रश्न दोन. काही तुटलं असेल का? आणि पाचवा टायर मोठा घेतला तर दार पेलेल का? भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं तोलली. जुनं २९ किलो, नवं ३८.

---

ढकलगाडी | १४ जुलै, रात्री १०:४१

घरी सांगितलेला आकडा आणि खरा आकडा, यावर वेगळा धागा काढा. प्रतिसाद शंभरी गाठतील.

वाचतोय. माझीही स्टेपनी जुनीच आहे.

---

टॉमीपाना | १४ जुलै, रात्री ११:३५

कोल्हापुरात गॅरेज आहे, त्यामुळे ही केस दर पावसाळ्यात दोन-तीनदा बघतो. आधी हिशेब बघा.

तुमचा जुना टायर उंचीला ७८९ मिलिमीटर, नवा ८३१. फरक ४२ मिलिमीटर, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. एका फेरीत जुना अंदाजे २.४८ मीटर जातो, नवा २.६१. एक किलोमीटर जायला मोठ्याच्या ३८३ फेऱ्या होतात आणि छोट्याच्या ४०४. वीस फेऱ्या जास्त. एका बाजूला छोटं आणि एका बाजूला मोठं चाक असलं की हा फरक पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) सांभाळतो, त्याचं कामच ते. पण पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा किलोमीटरमागे दहा चाक-फेऱ्या जास्त फिरावं लागतं. फोर हायमध्ये ट्रान्सफर केसने (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीने) दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले. मधे डिफरन्शियल नाही. मग त्या दहा फेऱ्या जाणार कुठे? चिखलात टायर घसरतात आणि हिशेब चुकता होतो. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून शाफ्टला पीळ बसतो. तुमचा लिव्हर त्या पिळामुळे अडकला होता. रिव्हर्स घेतल्यावर पीळ उलगडला.

तुटलं असेल असं वाटत नाही. पण ट्रान्सफर केसचं आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल काढून बघा. बोटांत चोळल्यावर नुसती राखाडी छटा दिसली तर चिंता नको. चमचमणारे कण किंवा कपची दिसली तर खोलायचं.

आणि एक लक्षात ठेवा. छोटी स्टेपनी लावायची वेळ आलीच तर ती पुढच्या एक्सलला, आणि गाडी टू हायमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना). मागे लॉकर किंवा लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकं सारखी फिरवायला बघणारा डिफरन्शियल) असेल तर मागे अजिबात नको, तिथल्या क्लच प्लेटा सतत घासत राहतात. मागचा टायर फाटला तर पुढचा मोठा काढून मागे लावा आणि छोटी पुढे. दोनदा जॅक लावावा लागतो, कंटाळा येतो, पण करा. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा डॅशबोर्डवर पेटेल, घाबरू नका. त्यालाही एक चाक वेगळं पळताना दिसतंय.

दाराबद्दल उद्या लिहितो. डोळे मिटायला लागले.

---

घाटमाथा_७८ | १५ जुलै, सकाळी ६:५०

मी वेगळं बोलतो. उगाच खर्चात पडू नका.

आमच्या जुन्या जीपला स्टेपनी बाजूला बसवलेली असायची, ड्रायव्हरच्या मागे. टायर सगळे सारखे, पाचही. त्या काळी हा प्रश्नच नव्हता, कारण टायर मोठे करायची हौस नव्हती. हौस आली की हिशेब आला. मला विचाराल तर छोटी स्टेपनी ठेवा, कॉम्प्रेसर ठेवा, आणि एकट्याने जाऊ नका. आम्ही तीन गाड्या एकत्र निघतो. तिघांचे टायर एकाच मापाचे, नटांचा पॅटर्नही एकच. मोठी स्टेपनी तिघांत एक, ती पाळीपाळीने एकेकाच्या गाडीत. बाकी दोघांकडे जुनी. आठ वर्षं हेच चाललंय.

तुम्ही वाळवंट ओलांडत नाही आहात. पुण्यापासून तीन तासांवर आहात.

---

रानवाट | १५ जुलै, सकाळी ९:१५

@टॉमीपाना, जीव भांड्यात पडला. शनिवारी तेल काढतो.

@घाटमाथा_७८, तिघांत एक ही कल्पना पटली. पण आमच्या कंपूत तीन गाड्यांचे तीन मापांचे टायर आहेत, आणि त्यातला एक जण निघायच्या आदल्या रात्री हमखास 'ऑफिसचं काम आलं' म्हणतो.

---

गिअरबाई | १५ जुलै, दुपारी १:०५

इतके प्रतिसाद झाले आणि एकालाही सुचलं नाही की ते ३८ किलोचं चाक परत वर चढवणार कोण?

मी एकटी फिरते. गेल्या वर्षी भंडारदऱ्याजवळ टायर बदलावा लागला. स्टेपनी काढणं सोपं असतं, नट सैल केले की ती खाली येते, फक्त पाय बाजूला ठेवायचे. फाटलेलं चाक परत टांगायची वेळ आली तेव्हा कळलं. स्टड (ज्यांवर नट बसतात ते बोल्ट) माझ्या छातीच्या उंचीवर. गाडी लिफ्ट केल्यामुळे आणखी चार बोटं वर. चाक चिखलाने माखलेलं, म्हणजे वजनात भर आणि हातातून निसटणारं. तीनदा उचललं, तीनदा खाली. शेवटी मागच्या सीटवर घातलं आणि नाशिकपर्यंत चिखलाचा वास घेत आले.

नंतर शिकले. चाक अंगाने उचलायचं नाही. कॅनवर किंवा दगडावर फळी तिरकी टेकवायची, चाक त्यावर ढकलत न्यायचं, मग फळीचं खालचं टोक वर उचलायचं. चाकाचं भोक वरच्या स्टडशी आलं की एक नट हाताने अडकवायचा, बाकीचे सावकाश. फावडं असेल तर पात्यावर चाक ठेवून दांडा दाबायचा, तेही चालतं. आधी घरी, कोरड्या जागी, चपला घालून नव्हे तर बूट घालून एकदा करून बघा. जमलं नाही तर मोठी स्टेपनी तुमच्यासाठी नाही, मग दार कितीही मजबूत असो.

---

ढकलगाडी | १५ जुलै, दुपारी १:२२

ताई, दंडवत. हे यायलाच हवं होतं.

---

टॉमीपाना | १५ जुलै, रात्री ९:५०

दाराबद्दल. लोक म्हणतात, ३८ उणे २९, नऊच किलो वाढले, दाराला काय होतंय? पण दाराला नुसतं वजन कळत नाही. वजन दारापासून किती बाहेर आहे ते जास्त कळतं. रुंद टायरचा मध्य दारापासून आणखी मागे जातो. शिवाय मोठा टायर खाली बंपरला टेकतो, म्हणून पोरं ब्रॅकेटमध्ये स्पेसर घालून तो आणखी मागे किंवा वर सरकवतात. प्रत्येक इंचाला बिजागरीवरची ओढ वाढते. आणि हे उभ्या गाडीचं झालं. खड्ड्यात चाक आदळलं की तेच ३८ किलो क्षणभर दुप्पट-तिप्पट होतात, दिवसातून हजार वेळा.

दार थकलंय का ते बघायचं तर ते अर्धं उघडा, बिजागरीपासून लांबच्या कोपऱ्याला धरून वर उचला. खट् असा आवाज आला किंवा दार हललं तर पिन झिजलीय. मग बिजागरीच्या आसपासचा रंग बघा, केसासारखी रेघ दिसली तर खाली पत्रा चिरतोय. तिसरं, कुलपाचा खांब, म्हणजे चौकटीवरची दांडी जिच्यात दाराचं कुलूप अडकतं. त्याच्या एकाच अंगाला चकाकी आली असेल तर दार खाली बसलंय आणि बंद होताना त्या खांबावर चढतंय.

अजून एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे रबराचे ठोकळे. दारावर जे रबरी स्टॉपर असतात ते टायरला दाबून धरण्यासाठी. मोठ्या टायरची बगल त्यांच्या जागी येत नाही. मग टायर नुसता मधल्या स्टडवर तोलतो आणि प्रत्येक खड्ड्यात लिंबासारखा डोलतो. ठोकळे सरकवून टायर किंचित दाबला जाईल असे बसवायचे. हे शंभर-दोनशेचं काम, पण ते केलं नाही म्हणून दारं गेलेली मी पाहिलीत.

---

मस्कतकर | १६ जुलै, पहाटे १:३०

ओमानमध्ये चौदा वर्षं आहे. इथे जबल अख्दरला चढायचं तर खाली पोलिसांची चौकी आहे, चार बाय चार नसेल तर परत पाठवतात. वहिबाच्या वाळूत टायर फाटत नाहीत फारसे, पण वाद्यांमधल्या (कोरड्या नदीपात्रांतल्या) गोट्यांत फाटतात. त्यामुळे स्टेपनीचा विषय इथे चेष्टेचा नाही.

इथे तीन पद्धती दिसतात. लँड क्रूझरवाले स्टेपनी पोटाखाली टांगतात. मोठा टायर तिथे बसत नसेल तर काही जण त्यातली हवा सोडून देतात. चपटा टायर वर ओढला जातो, वेळ आली की कॉम्प्रेसरने भरतात. जुगाड आहे, पण चालतो, फक्त एक्झॉस्टपासून अंतर तपासायचं. तोटा असा की शेपूट खाली येते आणि चढ उतरताना तीच आधी घासते. दुसरी पद्धत छपरावर. मला ती आवडत नाही. ४० किलो डोक्यावर घेऊन तिरक्या उतारावर चालून बघा म्हणजे कळेल. तिसरी, बंपरवरचा झुलता हात, जो चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) धरलेला असतो आणि दाराशी त्याचा संबंध नसतो. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या गाड्यांवर असे दोन-दोन हात असतात, एकावर टायर, एकावर कॅन.

जुन्या सिरीज लँड रोव्हरवर तर स्टेपनी बॉनेटवर असायची. समोर बघताना टायरच दिसायचा.

कंपन्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. जीपने २०२१ मध्ये रँग्लरला कारखान्यातूनच ३५ इंची टायर दिले, तेव्हा त्या पॅकेजमध्ये मागच्या दाराच्या बिजागरीचं मजबुतीकरणही द्यावं लागलं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही मूळ बिजागरीवर भरवसा ठेवता आला नाही, तर आपण कोण?

---

शब्दवेल्हाळ | १६ जुलै, सकाळी ८:१०

अवांतर आहे, पण राहवत नाही. 'स्टेपनी' हा शब्द आपण सगळे इतका सहज वापरतोय. तो एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये हे जादा चाक बनवायला सुरुवात केली. तेव्हाच्या मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. स्टेपनी म्हणजे आऱ्या नसलेली, हवा भरलेला टायर चढवलेली नुसती धाव. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही, ही धाव त्याच्या बाजूला कड्यांनी आवळायची आणि निघायचं. इंग्रजांच्या बोलण्यातून तो शब्द गेला, आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्यापासून आरटीओपर्यंत सगळ्यांच्या तोंडी राहिला.

गिअरबाईंना ती मूळ स्टेपनी आवडली असती. उचलून परत टांगायचा प्रश्नच नाही.

---

पेन्शनर_अभियंता | १६ जुलै, सकाळी ११:४०

गिअरबाईंनी चाक मागच्या सीटवर घातलं, इतरही अनेक जण 'आत ठेवतो' म्हणतात, म्हणून एक गणित मांडतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. समोर धडक होऊन गाडी साठ सेंटिमीटरमध्ये थांबली असं धरू. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, उत्तर येतं १६१ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पटींहून थोडं जास्त. ३८ किलोचं चाक त्या क्षणी सव्वासहाशे किलोच्या जोराने पुढे येतं. समोर तुमची मान आहे.

चाक आत ठेवायचं असेल तर ते जमिनीवर आडवं ठेवा, चॅसीपर्यंत पोचणाऱ्या हुकांना दोन रॅचेट पट्ट्यांनी बांधा. सीटबेल्ट लावून बसवलेलं चाक मी एकदा पाहिलं आहे. मालकाला त्याचं कौतुक वाटत होतं.

मूळ प्रश्नाबद्दल टॉमीपाना यांच्याशी सहमत. वजन शेवटी चॅसीपर्यंत कुठल्या रस्त्याने जातं, एवढंच बघा. दारातून जाणारा रस्ता दोन बिजागऱ्या, एक कुलूप आणि मिलिमीटरभर जाडीचा पत्रा असा आहे. त्यावर जाड पट्टी वेल्ड केली तर चीर पट्टीच्या टोकाला जाते, नाहीशी होत नाही.

---

नियमावली | १६ जुलै, दुपारी ४:२५

दोन मुद्दे, मग मी गप्प.

पहिला, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणी पुस्तकातले तपशील आणि निर्मात्याची मूळ वैशिष्ट्यं यांच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. लिफ्ट, मोठे टायर, वेल्ड केलेला बंपर, हे सगळं केलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर काय लिहील ते डोळ्यांसमोर ठेवा. आणि स्टेपनीमागे नंबरप्लेट किंवा वरचा ब्रेकचा दिवा झाकला तर कलमं शोधावी लागणार नाहीत, हवालदार स्वतः सांगेल.

दुसरा, 'स्टेपनी नसली तर दंड होतो ना?' हे दर वेळी कोणीतरी विचारतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. पण ती सूट रस्त्यावर चालणाऱ्यांसाठी. कातळाने बगल फाडल्यावर तो किट काय करतो ते धागाकर्त्याने वर लिहिलंच आहे.

---

घाटमाथा_७८ | १६ जुलै, सायंकाळी ६:००

मुद्दे पटले, तरी माझं म्हणणं तेच. सगळा खर्च टायर मोठे केले म्हणून. मूळ मापावर चांगले ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) घातले असते तर पाचवा आपोआप जुळला असता आणि दारालाही काही झालं नसतं.

---

टॉमीपाना | १६ जुलै, रात्री १०:१५

@घाटमाथा_७८, काका, यात खोट काढता येत नाही. पण पोरं ऐकत नाहीत आणि माझं गॅरेज त्यावर चालतं :)

पाचवा घेणाऱ्यांना अजून एक सांगतो. घेतला आणि तसाच टांगून ठेवला तर दोन वर्षांनी पुन्हा तीच गोची. मड टेरेनची नक्षी नवी असताना पंधराएक मिलिमीटर खोल असते. चार चाकं घासून सातवर आली आणि पाचवा कोराच राहिला तर उंचीत सोळा मिलिमीटर फरक पडला. माप तेच, तरी चाक मोठं. म्हणून रोटेशन पाचांचं करा, दर आठ-दहा हजारांना स्टेपनी फिरत्या चाकांत आणा. शिवाय मागे लटकलेला टायर उन्हात तापून आतून सुकतो. बगलेवरचा चार आकडी कोड वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसते म्हणून टायर तरुण असतो असं नाही.

---

रानवाट (धागाकर्ता) | २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

दोन महिन्यांनी येतोय. गणपतीत वेळ झाला नाही.

तेल काढलं, राखाडी होतं, कपची नाही. दार उचलून बघितलं तर खट् वाजलं. रंगाची रेघही होती, बोटभर, वरच्या बिजागरीपाशी. म्हणजे माझ्या जुन्या २९ किलोलाच ते थकायला लागलं होतं आणि मी त्यावर ३८ टांगायच्या गोष्टी करत होतो.

पाचवा टायर घेतला. मागे चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्ट करून बंपर बनवून घेतला, त्यावर झुलता हात. फिरण्यासाठी ट्रॅक्टर ट्रॉलीचा हब वापरलाय, आत टेपर बेअरिंग, त्यामुळे दोन बोटांनी फिरतो. नंबरप्लेट डावीकडे सरकवली, वर दिवा दिला. रबराचे ठोकळे टॉमीपाना यांनी सांगितले तसे.

आता वाईट बाजू. बंपर आणि हात मिळून ५२ किलो झाले, वर चाक. गाडी मागून अठरा मिलिमीटर बसली, मागच्या स्प्रिंगा बदलायच्या आहेत. दार उघडायचं तर आधी हात सोडा, फिरवा, पिन घाला, मग दार. मंडईतून भाजी आणताना हे करायला लागलं तेव्हा गाडीत बसलेल्या व्यक्तीने 'यापेक्षा पिशव्या मांडीवर ठेवते' असं सांगितलं. खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

गिअरबाईंची फळी गाडीत आहे. घरासमोर बूट घालून तालीम केली. चौथ्या वेळी जमलं. शेजारचे आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बघत होते.

एक शंका उरलीय. दारावरचं चाक गेल्यापासून दार नीट लागतच नाही. ढकललं की कुलपावर आपटून परत येतं.

---

टॉमीपाना | २१ सप्टेंबर, रात्री ९:५५

दार हलकं झालं, वर उचललं गेलं. खांब अजून लोंबणाऱ्या दाराच्या मापाने बसवलेला आहे. त्याचे दोन स्क्रू सैल करा, तीन मिलिमीटर वर सरकवा, पुन्हा आवळा. आधी ती रंगाची रेघ मात्र खरवडून बघा. खाली चीर निघाली तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडून मगच वेल्डिंग.